बाबांच्या दवाखान्याची मालिका

माझे बाबा कंपाउंडर होते आणि मी टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहायचो. मालिका बाबांच्या दवाखान्यावरची होती. साडेचार वर्षं चालली. त्यातलं पहिलं दीड वर्ष चांगलं होतं, असं लोक म्हणतात. उरलेली तीन वर्षं भिकार होती, हे मी म्हणतो, आणि मला म्हणायचा हक्क आहे, कारण ती भिकार करण्यात माझाच मोठा हात होता. अजून लोक भेटतात. मुलुंडला आमच्या इमारतीखाली भाजी घेताना कोणीतरी ओळखतं. "तुमचीच ना हो ती दवाखान्याची सिरियल? सुरुवातीला काय झकास होती!" 'सुरुवातीला' या शब्दावर माणूस जरा जास्त रेंगाळतोच. मी दात दाखवतो, मेथीची जुडी पिशवीत टाकतो आणि सटकतो.

खरा दवाखाना घाटकोपर पश्चिमेला होता, डोंगराकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर. एकच गाळा, मध्ये हिरवा पडदा. पडद्याआड डॉक्टर, बाहेर पेशंटसाठी दोन बाकं, आणि भिंतीतल्या चौकोनी खिडकीमागे बाबा. अडतीस वर्षं त्या खिडकीमागे उभं राहून त्यांनी गोळ्या कुटल्या, पुड्या बांधल्या, बाटल्यांत औषध भरलं आणि बाटलीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवली, म्हणजे एका वेळी किती प्यायचं ते पेशंटला कळावं. आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा ओळखीतून बाबा तिथे लागले. "पोरगा स्वच्छ आहे आणि कमी बोलतो," एवढ्यावर डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं होतं.

कमी बोलतो, हे डॉक्टरांचं मत. रविवारी दवाखाना बंद असायचा. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात ताटात पडला की बाबा बोलायला लागायचे आणि आठवडाभराचा दवाखाना आमच्या स्वयंपाकघरात यायचा. एक बाई नवऱ्याला घेऊन आली. डॉक्टर नवऱ्याला विचारतात, काय होतंय, उत्तर बाई देते. भूक लागते का? बाई सांगते. झोप येते का? बाईच सांगते. शेवटी डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, जीभ दाखवा. इथे बाबा थांबायचे, बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवायचे, आणि मग शांतपणे म्हणायचे, "बाईने काढली." आमची हसून हसून पुरेवाट व्हायची. आईचा ठसका निघायचा.

पण त्या गोष्टींना एक नियम होता. बाबा कधी नाव सांगायचे नाहीत, गल्ली सांगायचे नाहीत, आणि प्रत्येक गोष्टीत काहीतरी मुद्दाम बदलायचे. पुरुषाची बाई करायची. खोकल्याची पोटदुखी करायची. सासूची आई करायची. आईला सगळी आळी तोंडपाठ, त्यामुळे ती भांडी घासताना अंदाज बांधायची, "वरच्या चाळीतली ना ती? निळ्या दाराची?" बाबा म्हणायचे, "गप रव. जीभ होती की डोळे होते, ते तरी तुका खंय ठाऊक आसा?" माणूस आजारी पडला की उघडा पडतो, त्याला आपण झाकायचं, हे ते मला लहानपणीच सांगायचे. मला तो नियम तेव्हा नुसती बाबांची एक लकब वाटायचा.

मी एकांकिका लिहिता लिहिता टीव्हीत शिरलो. एका चॅनेलला हलकीफुलकी मालिका हवी होती. माझ्याकडे दुसरं होतं काय? चार रविवारांच्या गोष्टी बांधल्या आणि नेऊन ठेवल्या. त्यांना आवडल्या. मग मी बाबांना विचारलं. म्हणजे आधी विकल्या, मग विचारलं, हेही इथे सांगून टाकतो. बाबांनी तीन दिवस घेतले. मग म्हणाले, "कर. पण दोन गोष्टी. डॉक्टरांची टिंगल करायची नाही. आणि कोणी ओळखू येता कामा नये." मी म्हटलं, "बाबा, काहीतरीच काय! एवढं मला कळत नाही का?"

कंपाउंडरचं काम करणारा नट रंगभूमीवरचा, मुरलेला. शूटिंगच्या आधी तो आठवडाभर दवाखान्यात बाबांच्या शेजारी उभा राहिला. बाबांनी त्याला साखर घालून पुड्या बांधायला लावल्या. कागद कसा दुमडायचा, टोक कसं आत खोचायचं. "बोटांकडे बघू नका हो," बाबा त्याला सांगत होते, "बोटं आपलं काम करतात. तुम्ही पेशंटकडे बघा. तो डॉक्टरांना जे सांगत नाही, ते इथे पुडी बांधेपर्यंत सांगतो." नटाने ते असं उचललं की साकीनाक्याच्या सेटवर पहिल्या दिवशी त्याला खिडकीमागे बघून माझ्या अंगावर काटा आला. साक्षात आमचे बाबा.

तेव्हा मालिका आठवड्यातून दोनदाच लागायची. कंपाउंडर फारसा बोलायचा नाही. पेशंट बाकावर बसून बोलायचे, आणि तो ऐकायचा. त्याच्या ऐकण्यावरच लोक हसायचे. तिसऱ्या भागात मी बाबांचं एक वाक्य वापरलं. डॉक्टर आत चहा पीत असले आणि बाहेर पेशंट कुरकुरायला लागले की बाबा म्हणायचे, "दोन मिनिटं, डॉक्टर हात धुतायत." मालिकेत कंपाउंडर ते एकदाच म्हणाला, आणि मागून कपबशीचा आवाज आला. बस. घाटकोपरला आमच्या घरी त्या दिवशी शेजारची आठ माणसं जमली होती. डॉक्टर स्वतः आले होते आणि ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. बाबा खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून बसले होते, हात मांडीवर, शाळेतल्या मुलासारखे. संपल्यावर माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तेवढं मला पुरे होतं.

मग मालिका चालली, आणि चालली म्हणूनच तिची वाट लागली. चॅनेलने ती रोजची केली. आठवड्याला दोन भागांचे सहा झाले. बाबांच्या गोष्टी मी सहा-सात महिन्यांत खाऊन संपवल्या. पुढे घरी पाहुणे वाढले की आमटीचं जे करतात ते मी केलं. चॅनेलची एक मुलगी आमच्या मीटिंगला यायची. ती वाईट नव्हती, हुशार होती. पण गुरुवारी टीआरपीचे आकडे यायचे आणि तिच्या पोटात गोळा यायचा, आणि मग तो ती आमच्या पोटात ढकलायची. "सर, हात धुतायत वालं वाक्य लोकांना आवडतंय. ते रोज घेऊ या ना." घेतलं. मग एका भागात तीनदा घेतलं. मग त्यामागे ढोलाचा आवाज घातला. मग कंपाउंडरला लाटणं घेऊन धावणारी बायको दिली. मग त्याचा जुळा भाऊ आला. त्या जुळ्याची आठवण झाली की मला अजून तोंड लपवावंसं वाटतं.

ऐकणारा कंपाउंडर आता सतत बडबडायला लागला. भित्रा झाला, मग लोभी झाला. एक्स्पायर झालेल्या गोळ्या विकायला लागला, कारण लोभी माणसावर रोज काहीतरी लिहिता येतं, आणि नुसत्या ऐकणाऱ्या माणसावर लिहायला वेळ लागतो. वेळ कोणाकडे होता? सकाळी सीन द्यायचा, दुपारी शूट, परवा प्रक्षेपण. एकदा नट मेकअपच्या खुर्चीत बसल्या बसल्या मला म्हणाला, "लेखक, आज काय करू ते सांग. डोळे तिरळे करू की घसरून पडू?" मी म्हटलं, "दोन्ही कर ना यार." तो हसला नाही. त्याने दोन्ही केलं.

घरी पहिला बॉम्ब आईने टाकला. "तुझ्या मालिकेला म्हातारचळ लागलाय," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, पब्लिकला हेच आवडतं." ती म्हणाली, "मी पण पब्लिकच आहे मेल्या. मी काय सरकारी अधिकारी आहे?" बाबा रोज आठ वाजता टीव्ही लावायचे, संपेपर्यंत बघायचे. खुर्ची मात्र हळूहळू मागे मागे जात भिंतीला टेकली. मी रविवारी विचारायचो, "कसं चाललंय बाबा?" ते म्हणायचे, "बरं आहे. पुडी चुकीची बांधतो हल्ली तो." मला वाटायचं, बघा, एवढाच दोष दिसला यांना. मी खूश होऊन तिखलं मागून घ्यायचो.

आता कळतं, की ते मला शक्य तितक्या हळू आवाजात सगळं सांगत होते.

आळीतली पोरं बाबा दिसले की ओरडायची, "हात धुतायत!" आणि ढोल वाजवल्यासारखं करायची. त्याचं त्यांना फार वाटलं नाही, पोरंच ती. पण एकदा मेडिकलच्या दुकानात एक बाई हसत हसत म्हणाली, "काय हो, तुम्हीपण जुन्या गोळ्या खपवायचात की काय आम्हाला?" ती गंमतच करत होती. बाबा आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या न घेताच घरी आले. आई म्हणाली, गोळ्या कुठायत? तर म्हणाले, दुकान बंद होतं. भर सकाळी अकरा वाजता. हे मला आईने खूप नंतर सांगितलं.

मालिकेच्या तिसऱ्या वर्षी डॉक्टर गेले. त्यांचा मुलगा परदेशात. त्याने गाळा विकला. शेवटच्या दिवशी कपाट रिकामं करायला मी बाबांबरोबर गेलो. रिकाम्या बाटल्या, मापाचे ग्लास, खलबत्ता. बाबांना रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून ते फडक्याने एकच फळी पुन्हा पुन्हा पुसत होते. आणि मग, पहिल्यांदाच, त्यांनी मला एक गोष्ट काही न बदलता सांगितली. नावासकट सांगितली. मी नाव सांगत नाही, आम्ही घरी त्यांना पोस्टातले काका म्हणायचो, तेच म्हणतो. पोस्टातून निवृत्त झालेले, बाबांपेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे.

त्यांच्या बायकोचं कायम औषध चालू असायचं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका तिचा केसपेपर घेऊन यायचे आणि महिन्याच्या पुड्या घेऊन जायचे. बायको गेली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका आले, नंबर लावला, बाकावर बसले. खिडकीशी येऊन तिचा केसपेपर पुढे केला. बाबांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. बाबांनी कॅल्शियमच्या गोळ्या कुटल्या आणि पुड्या बांधून दिल्या. काकांनी विचारलं, "दिवसातून दोनदाच ना?" बाबा म्हणाले, "हो. जेवणानंतर." असं चार वर्षं चाललं होतं. दोघांनाही सगळं माहीत होतं आणि दोघांनी त्याबद्दल कधीही एक अक्षर काढलं नव्हतं. "आता पुढच्या सोमवारी ते कुठे जातील रे?" बाबांनी मला विचारलं.

ते आमच्या घरी आले. दवाखाना बंद झाल्यावर पहिल्या सोमवारी दहा वाजता बेल वाजली, दारात काका, हातात केसपेपर. बाबांनी त्यांना बसवलं, आईने चहा केला, बाबांनी टेबलावर पुड्या बांधून दिल्या. त्यानंतर दर महिन्याला. बाबा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायचे. दवाखाना गेल्यावर बाबांचं कंपाउंडर असणं तेवढ्या एका सकाळपुरतं उरलं होतं, आणि ते मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे केलं ते मी अजाणतेपणी केलं, असं कोणाला वाटू नये.

चौथ्या वर्षी एका आठवड्यात आमची पार बोंब झाली. नट डेंग्यूने पंधरा दिवस पडून नुकताच उठलेला, पुढचा एकही भाग हाताशी तयार नाही, आणि चॅनेलची मुलगी फोनवर, "सर, काहीतरी इमोशनल पण कॉमेडी द्या ना. पेशंटचा ट्रॅक द्या. उद्या सकाळी शूट आहे." मी बसलो आणि काकांचा सीन लिहिला. खरं सांगतो, चांगला लिहिला. दोन-अडीच वर्षांत मी असा सीन लिहिला नव्हता. सीनमधला म्हातारा पोस्टातून निवृत्त, दर पहिल्या सोमवारी येणारा, 'दिवसातून दोनदाच ना?' विचारणारा. काही म्हणजे काही बदललं नाही. वेळ नव्हता, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खोटं आहे ते. मी पोस्टाची बँक करून पाहिली होती, सोमवारचा शनिवार करून पाहिला होता. सीन पडत होता. म्हणून पुन्हा होतं तसं केलं.

मीटिंगमध्ये सगळे गप्प झाले. मला वाटलं, जिंकलो. मग कोणीतरी म्हणालं, "पण यात कॉमेडी कुठाय?" आणि दुसरं कोणीतरी म्हणालं, "ती बायको दवाखान्यात दिसायला लागली तर? पांढऱ्या साडीत? फक्त कंपाउंडरला दिसते!" सगळे हसले. मीही हसलो. "झकास!" मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून गेला, दुसऱ्या कोणाच्या नाही. दोन तासांत मी भूत लिहिलं. कंपाउंडरही लोभीच ठेवला, म्हणजे तो म्हाताऱ्याला साखरेच्या पुड्या विकतो आणि भूत त्याच्या मागे लागतं. असं मी शेण खाल्लं. आठवडाभर तो ट्रॅक चालला आणि गुरुवारी आकडे बरे आले.

त्यानंतरचा सोमवार महिन्याचा पहिला होता. बाबांनी शर्ट घातला, पुड्या बांधल्या, नऊपासून बसून राहिले. आईने दोनदा चहा गरम केला. एक वाजता बाबा उठले आणि काकांच्या घरी जायला निघाले. आई त्यांना एकटं सोडेना, म्हणून तीही गेली. काकांनी लाकडी दार उघडलं, बाहेरचं जाळीचं उघडलं नाही. बाबांनी जाळीतून पुड्या पुढे केल्या. काका ओरडले नाहीत. त्यांनी इतकंच विचारलं, "तुम्ही घरी जाऊन सांगायचात होय?" आणि लाकडी दार लावून घेतलं.

हे मला आईने फोनवर सांगितलं. मी सेटवर होतो. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," ती म्हणाली, "कोणाला बोलणार? पण तू आज घरी ये. ते जेवले नाहीत."

मी साकीनाक्याहून रिक्षाने तडक घाटकोपर गाठलं. बाबा भिंतीकडच्या खुर्चीत बसले होते. शर्ट तोच. मी म्हटलं, "बाबा, मी जातो काकांकडे. पाया पडतो त्यांच्या." ते म्हणाले, "नको. तू गेलास तर त्यांना तुझ्यासमोर पण उभं राहावं लागेल." मी म्हटलं, "मग मला चार शिव्या तरी घाला. हात उगारा." मला खरंच ते हवं होतं. शिव्या खाल्ल्या असत्या तर मी रडलो असतो, त्यांनी पाठीवर हात ठेवला असता आणि मिटलं असतं. ते म्हणाले, "कशाक? गोष्ट मीच सांगितली." मग म्हणाले, "अडतीस वर्षांत एकदाच चुकलो बघ." त्यांनी माझी चूकसुद्धा मला दिली नाही, स्वतःकडे ठेवून घेतली.

मालिका पुढे आठ महिने रखडली आणि बंद झाली. शेवटच्या भागाला केक कापला, नटाने डोळे तिरळे करून फोटो काढला. त्या रात्री आमच्या घाटकोपरच्या घरी टीव्हीवर बातम्या चालू होत्या. काका काही दिवसांनी मुलीकडे बोरिवलीला राहायला गेले. जाण्याआधी एकदा रस्त्यात समोरून आले आणि दुसऱ्या फुटपाथवर गेले, असं आई म्हणते.

रविवार चालू राहिले. तिखलं होतं, भात होता, आम्ही सगळे होतो. मी विचारायचो, "बाबा, ती जीभ काढणारी बाई आठवते?" ते म्हणायचे, "कोण रे?" मी म्हणायचो, "अहो, तुम्हीच सांगायचात." ते म्हणायचे, "असेल. विसरलो आता." आई मान खाली घालून जेवायची. मला आधी वाटलं रुसलेत, मग वाटलं खरंच विसरले, वय झालं. मी त्यांना डॉक्टरकडेसुद्धा नेऊन आणलं, स्मरणशक्ती तपासायला. त्या तरुण डॉक्टरने त्यांना पाच वस्तू लक्षात ठेवायला सांगितल्या. बाबांनी पाचही सांगितल्या, वर त्याच्या टेबलावरच्या औषधाचा डोस चुकीचा लिहिलाय तेही दाखवलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यातून काय समजायचं ते समजायला मला आणखी वर्ष लागलं.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. या दिवाळीच्या सुट्टीत ती आठ दिवस आजी-आजोबांकडे राहिली. तिला आणायला गेलो, तर परत येताना रिक्षात ती एकटीच फिदीफिदी हसत होती. "काय गं?" मी विचारलं. म्हणाली, "आजोबांची दवाखान्याची गोष्ट आठवली." "कुठली? सांग ना." "नाही सांगणार." "अगं, सांग की. मला पण आवडतात." तिने क्षणभर माझ्याकडे नीट बघितलं. माझी कीव आल्यासारखं. "आजोबा म्हणाले, बाबाला सांगू नकोस," ती म्हणाली. "का?" "तू त्याचं काहीतरी करतोस म्हणे."

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी बाहेरच्या खोलीत आडवा झालो होतो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. आतून बाबांचा आवाज यायला लागला. तोच, रविवारचा, मी किती वर्षांत न ऐकलेला. मी उठून दाराशी गेलो आणि चोरासारखा उभा राहिलो. एक माणूस दवाखान्यात आला होता, किंवा बाई असेल, बाबांनी काय बदललं होतं देव जाणे. गोष्ट मी कधीच ऐकलेली नव्हती. म्हणजे बाबांकडच्या गोष्टी संपल्या नव्हत्याच, मीच त्यांना सांगू दिल्या नव्हत्या. आत पोरगी खिदळत होती, तिच्या हसण्यात आईचं हसणं मिसळलं होतं, आणि बाबा मधेच थांबून त्यांना हसू देत होते. मला दार ढकलून आत जावंसं वाटलं, त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटलं. गेलो असतो तर ते गप्प झाले असते.

गोष्ट संपली तेव्हा माझ्या हातात मोबाइल होता. तो मी कधी काढला, मला कळलं नव्हतं. नोट्स उघडलेल्या होत्या आणि त्यात मी दोन ओळी लिहिल्या होत्या. शेवटच्या वाक्याच्या, जशाच्या तशा.

मी त्या तिथेच उभ्या उभ्या पुसून टाकल्या. पण माझ्या लक्षात राहिल्या आहेत.